आजीचा गंज, शाळेचं पातेलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी पुण्यात वाढले. सासर अमरावतीकडचं. लग्नानंतर आम्ही पुण्यातच राहतो आणि सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे असतात. मुलगी दुसरीत आहे. माझी नोकरी असल्यामुळे ती दुपारभर आजीजवळ असते. गेल्या महिन्यात शाळेत 'चित्र पाहून नाव लिहा' असा स्वाध्याय होता. पातेल्याच्या चित्राखाली तिने 'गंज' लिहिलं. बाईंनी लाल फुली मारून शेजारी 'पातेले' लिहिलं. 'गंज तर लोखंडाला लागतो,' असं वर्गात कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ती रडत घरी आली. समजूत काढताना मी म्हणाले, 'आजीचा शब्द चुकीचा आहे, शाळेत तो वापरायचा नाही.' सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून पातेल्याला त्या 'ते भांडं' म्हणतात, आणि एकूणच बोलणं कमी केलंय. परवा मुलगीच त्यांना म्हणाली, 'आजी, असं नसतं म्हणायचं.' नवरा म्हणतो, एवढं काय त्यात, सोड. तो स्वतः गावाकडचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतो. मुलीची भाषा शुद्ध राहावी एवढंच मला वाटतं. तिने कोणता शब्द शिकावा? सासूबाईंशी विषय काढू की जाऊ देऊ? आणि त्यांनी येताना आणलेला एक पितळी गंज माळ्यावर पडून आहे. तो वापरता येईल का?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मुलीने दोन्ही शब्द शिकावेत, आणि खरं तर ती ते शिकलेलीच आहे. लाल फुलीनंतर 'पातेले' ती विसरणार नाही, आणि 'गंज' तर तिच्या हातातोंडाशी रोजचाच आहे. अडचण दुसरीकडे आहे, आणि तुमच्या पत्रातल्या एका विशेषणापासून तिची सुरुवात होते: 'शुद्ध'.

शुद्ध म्हणजे तुम्हाला नक्की काय अभिप्रेत आहे? शुद्धलेखन म्हणत असाल तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. ते सगळे शब्द लिहायचा कसा याबद्दल आहेत. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, अनुस्वार कधी द्यायचा. भांड्याला काय म्हणायचं हे त्यांत कुठेही नाही. पहिलाच नियम स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वाराचा आहे, आणि तुमच्या मुलीने 'गंज'वर टिंब दिलेलं होतं. म्हणजे तिचं शुद्धलेखन बिनचूक होतं. चूक म्हणायचीच तर एवढीच, की अपेक्षित शब्द वेगळा होता.

आता बाईंनी लिहिलेला शब्द बघा. त्यांनी 'पातेले' लिहिलं. तुमच्या माहेरी ओट्याशी उभं राहून कुणी 'पातेले उतरव' म्हणतं का? सगळे 'पातेलं' म्हणतात. म्हणजे पुण्यातल्या घरातही बोलायचं रूप एक आणि वहीत लिहायचं रूप दुसरं असतंच. तुमच्याकडे ते अंतर एका मात्रेचं आणि एका अनुस्वाराचं होतं, म्हणून कधी जाणवलं नाही. अमरावतीच्या घरात ते अख्ख्या शब्दाचं आहे.

आणि गंज काही तुमच्या सासूबाईंच्या घरापुरता नाही. विदर्भात कुठेही जा, दूध गंजातच तापतं, वरण गंजातच शिजतं. मुंबई-कोकणात त्याच भांड्याला टोप म्हणतात. मराठवाड्यात, खानदेशात भगुणं, भगोनं, भगुलं अशी रूपं ऐकू येतात. भांडं तेच, सपाट बुडाचं, उभ्या काठाचं, काठाला जरा दुमड असलेलं. टोप म्हणजे शिरस्त्राणसुद्धा, जिरेटोपातला. पण मुंबईतल्या मुलाने 'टोपात भात आहे' म्हटलं तर कुणाला डोक्यावरचा टोप आठवून हसू येत नाही. मुंबईचा शब्द आपल्या कानांना सवयीचा झालाय, वऱ्हाडचा झालेला नाही, एवढाच फरक. नागपूर-वऱ्हाड हा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला. तोवर छापखाने, शाळा, क्रमिक पुस्तकं यांची मराठी पुण्या-मुंबईकडे बरीचशी घडून गेली होती. पुस्तकात पातेलं आलं ते असं. ते उजवं ठरवून कुणी निवडलं नव्हतं.

एक गंमत सांगते. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ते सिद्ध केलं, ते रिद्धपूरला. रिद्धपूर कुठे आहे? अमरावती जिल्ह्यात. सासूबाईंच्या माहेरच्या-सासरच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणताना एवढं लक्षात असू द्या. (हे त्यांच्यासमोर पाठ म्हणून दाखवायची मात्र गरज नाही. त्यांना ते व्याख्यान वाटेल.)

वर्गातल्या त्या मुलाचा मुद्दा मात्र मला आवडला. गंज लोखंडाला लागतो, हे खरंच आहे. हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून लोखंडावर जो तांबूस थर बसतो तो गंज, आणि तोही पुल्लिंगीच, त्यामुळे घोटाळ्याला वाव आहे. पण एका शब्दाचे दोन अर्थ असणं हा काय गुन्हा आहे? माठ म्हणजे पाण्याचा, माठ म्हणजे पालेभाजी, आणि 'अगदीच माठ आहेस' म्हणजे तिसरंच काही. वाटी आमटीची असते, खोबऱ्याची असते आणि गुडघ्याचीही असते. पाट बसायचा असतो आणि शेताला पाणी नेणाराही असतो. दुसरीतली मुलं हे सगळं बिनबोभाट सांभाळतात. कुठला अर्थ घ्यायचा ते वाक्य सांगतं. 'गंजात दूध आहे' आणि 'कडीला गंज चढलाय' यांत कोण गोंधळेल?

गंजाचा पसारा तर आणखी मोठा आहे. फारसीत गंज म्हणजे खजिना, साठा. संस्कृतातही गञ्ज हा शब्द कोठार, खजिना या अर्थाने आहे. त्यातूनच धान्याच्या बाजाराला गंज म्हणू लागले आणि तो गावोगावच्या नावांत जाऊन बसला. लातूरची गंजगोलाई घ्या, छत्रपती संभाजीनगरचं शहागंज घ्या. तुमच्या पुण्यात तर गंज पेठ आहे, आताची महात्मा फुले पेठ, जिथे फुल्यांचा वाडा आहे. तिला कुणी गंजलेली पेठ समजत नाही. कडब्याची रचून ठेवलेली गंजी शेतकऱ्याच्या तोंडी असते. अंगात घालायचा गंजीफ्रॉक मात्र या कुळातला नव्हे, तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावावरून आलेला परका पाहुणा. आणि सावंतवाडीचा गंजिफा हा तर गोल पत्त्यांचा खेळ. मुलीला हे सगळं एका बैठकीत सांगू नका, कंटाळेल. पण 'गंज पेठ' तिला नक्की सांगा. पुढच्या वेळी कुणी हसलं तर तिच्याजवळ हुकमाचं पान असेल.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती खोटी नाही. मुलीला हसतील, ती वेगळी पडेल, असं वाटणं साहजिक आहे. सात वर्षांच्या मुलीला वर्गातलं हसणं फार लागतं. म्हणून तीन वाटा दिसतात. एक, घरीही फक्त 'पातेलं' चालवायचं. तुम्ही नकळत तीच धरलीत, आणि तिची किंमत कोण देतंय ते तुम्हीच लिहिलंय. दुसरी, बाणेदारपणे सगळीकडे 'गंज'च म्हणायचं, शाळेतही, परीक्षेतही. ही वाट सुचवणारे पुष्कळ भेटतील, विशेषतः ज्यांची मुलं त्या वर्गात नाहीत ते. मला ती पटत नाही. मुलांच्या तोंडी आपल्या अस्मितेचा झेंडा देऊ नये, मार त्यांना बसतो. तिसरी वाट, शाळेच्या वहीत पातेले, घरात गंज, आणि दोन्हींचा मान सारखा. शेवटचा भाग अवघड आहे, कारण तो मुलीपेक्षा घरातल्या मोठ्यांवर अवलंबून आहे.

तिसरी वाट मुलीला जड जाईल असं वाटत असेल तर दिवसभर तिचं बोलणं ऐका. बाईंशी एक भाषा, मैत्रिणींशी दुसरी, आजीशी तिसरी. माणूस पाहून शब्द निवडणं ती आधीच करतेय. तिला फक्त एक तयार वाक्य द्या: "आमच्याकडे ह्याला गंज म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?" हे वाक्य दोनतीनदा घरात खेळून घ्या, हसणाऱ्या मुलाचं काम तुम्ही करा. प्रश्न विचारला की हसणाऱ्याला उत्तर शोधावं लागतं, आणि त्याच्या घरीही काहीतरी 'वेगळं' निघतंच.

बाईंशी बोला, पण तक्रार म्हणून जाऊ नका. एवढ्या मुलांच्या वह्या तपासताना उत्तरसूचीतला शब्द दिसला नाही की फुली पडते, त्यामागे आकस नसतो. त्यांना इतकंच सुचवा: पुढच्या वेळी असा शब्द आला तर फुलीऐवजी शेजारी 'पुस्तकात: पातेले' असं लिहिता येईल का? मुलीला बरोबर उत्तर कळतं आणि घरचा शब्दही खोडला जात नाही. जमलंच तर एक तास मागून घ्या. त्याच भांड्याचं चित्र फळ्यावर काढायचं आणि प्रत्येकाने घरी विचारून आलेलं नाव सांगायचं. पुण्यातल्या कुठल्याही वर्गात टोप, भगुणं, गंज निघतील आणि कदाचित बाईंच्या स्वतःच्या घरचंही एखादं नाव निघेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे, त्यामुळे शाळेलाही असा तास परका वाटू नये. धोरणाचा कागद मात्र बाईंसमोर फडकवू नका. काम बिघडेल.

कोशाचा आधार हवा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश चाळा. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला हा कोश. त्यात प्रांतिक शब्दांपुढे (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी, (खा.) म्हणजे खानदेशी, अशा खुणा आहेत. कोशकारांनी या शब्दांना त्यांचा गाव लावून दिला आणि मराठीच्या घरात घेतलं. मुलगी जरा मोठी झाली की आजीचे शब्द त्यात शोधायचा खेळ तिला फार आवडेल. ज्या घरांत मालवणी आजोबा आहेत किंवा अहिराणी आजी आहे, त्यांनीही हे करून बघावं.

सासूबाईंचं आता. 'जाऊ देऊ का' असं विचारता, तर नको. त्यांनी विषय सोडलेला नाही, शब्द सोडलाय. ज्या बाईने जन्मभर ज्या वस्तूला एका नावाने हाक मारली, ती आज तिच्याच नातीसमोर बोट दाखवून 'ते भांडं' म्हणते, हे पत्रात वाचतानाही मला जड गेलं. तुम्ही रागाने बोलला नव्हता, हे त्यांनाही कळलं असेल. पण तुमच्या वाक्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या, 'आजीचा' आणि 'चुकीचा'. मुलीने नेमका तोच जोड उचलला आणि आजीला सुधारायला निघाली. आता दुपारी दोघी एकट्या असतात तेव्हा हे किती वेळा होत असेल, कुणास ठाऊक.

तेव्हा आधी मुलीसमोरच, सासूबाईंच्या कानावर जाईल असं, म्हणा: "मी चुकीचं सांगितलं होतं. आजीचा शब्द बरोबर आहे. पुस्तकातला वेगळा आहे, तो पुस्तकात लिहायचा." बस्स, एवढंच. डोळ्यांत पाणी, पायावर डोकं, असलं काही नको. त्यांना अवघडल्यासारखं होईल आणि बहुतेक त्या "जाऊ दे वं" म्हणून उठून जातील. मग जेव्हा खरोखर हवा असेल तेव्हा सहज विचारा, "आई, मोठा गंज कुठे ठेवलाय?" मात्र शब्द घ्या, सूर घेऊ नका. 'ठेवजो, पाहजो' असं वऱ्हाडी वळण पुण्याच्या जिभेने एका रात्रीत उचललं की ती नक्कल वाटते, आणि नक्कल त्यांना त्या लाल फुलीपेक्षा जास्त लागेल. त्यांचं बोलणं लगेच पूर्ववत झालं नाही तरी पाठीमागे लागू नका.

माळ्यावरचा गंज खाली काढायला याहून चांगलं निमित्त नाही. वापरता येतो, पण आधी कल्हई करून घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात लोखंड नसतं, म्हणून त्याला तांबूस गंज चढत नाही. त्या वर्गातल्या मुलाला हेही सांगता येईल, की गंजाला गंज लागत नाही. जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा असो, पितळेचा असो की स्टीलचा. भांड्यांच्या स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते त्याला राखतं. मात्र कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. ताक, चिंचेचं सार, टोमॅटो घातलेलं काहीही त्यात ठेवू नका, तांब्याचा अंश अन्नात उतरतो. कल्हई म्हणजे नवसागराच्या मदतीने आतून दिलेला कथलाचा पातळ थर. तो तारेच्या घासणीने आणि धातूच्या डावाने खरवडला जातो, म्हणून आतून मऊ घासणी आणि लाकडी चमचा वापरा. रिकामा गंज गॅसवर तापत ठेवायचा नाही, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आतून पिवळी धातू डोकावू लागली की पुन्हा कल्हई. बाहेरून चिंच-मीठ चालेल. आणि काठावर कुणाचं नाव घातलेलं असेल तर घासताना मुलीला ते वाचायला सांगा. कुणाचं, कधीचं, हे सांगायला आजी आहेच.

तुमच्या यजमानांना दोन शब्द, कारण 'एवढं काय त्यात' हे वाक्य मला खटकलं. तुमच्या घरात तो शब्द सगळ्यात आधी त्यांनीच लपवला. फोन आला की ते गॅलरीत जातात. मुलीने पाहिलंय की बाबा एक भाषा दार लावून बोलतात, आणि मग आईने तीच चुकीची म्हटली. दोन्ही एकत्र ठेवले तर तिने काढलेला अर्थ काही वावगा नव्हता. नोकरीच्या ठिकाणी त्यांना कसं बोलावं लागलं असेल आणि काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा अंदाज मला आहे, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण सासूबाईंशी नीट बोलायचं काम एकट्या सुनेवर टाकून त्यांनी मोकळं होऊ नये. आईशी स्वयंपाकघरात, जेवताना, मुलगी समोर असताना त्यांनी त्यांच्या बोलीत बोलावं. फोनही तिथेच घ्यावा. तुम्हाला काही शब्द कळणार नाहीत, तेव्हा विचारा. सराटा म्हणजे उलथनं, सांबार म्हणजे कोथिंबीर, गडवा म्हणजे तांब्या. सांगताना सासूबाईंना बोलायला कारण मिळेल.

आणि एक सांभाळा. हे सगळं जमून आलं की घरातल्या पाहुण्यांसमोर मुलीला "आजी कशी बोलते, दाखव गं करून" असं म्हणायचा मोह होईल, तुम्हाला नाही तर तुमच्या यजमानांना. तो टाळा. पाहुणे हसतील, मुलगी आणखी रंगवून करेल, आणि सासूबाई पुन्हा 'ते भांडं'वर येतील.